प्लॉटिनस नॉस्टिकांवर एवढा का चिडला होता?

रानवाट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण कुठे विचारावा कळेना म्हणून इथे टाकतेय.

गेलं दीड वर्ष नॉस्टिक लोकांचं वाचतेय. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात इजिप्त, सीरिया, रोम या भागात जे पंथ होते ते. त्यांचं म्हणणं असं की हे जग खऱ्या परमेश्वराने बनवलंच नाही. सोफिया नावाची एक दिव्य शक्ती चुकली, तिच्यापासून याल्दाबाओथ नावाचा एक अर्धवट देव जन्मला, तोंड सिंहाचं नि अंग सापाचं, त्याने हे जग घडवलं आणि वर माझ्याशिवाय दुसरा देव नाही असंही सांगून मोकळा झाला. आपल्या आत वरच्या जगातलं काहीतरी अडकलंय, ते ओळखलं की सुटका. हे ओळखणं म्हणजे नोसिस.

माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि गेल्या दिवाळीनंतर गेली. रात्री तिच्या उशाशी जागताना मी हे वाचायला लागले, आणि खरं सांगते, आपण इथले नाही, हे जगच कुणाच्या तरी चुकीतून झालंय, हा त्यांचा सूर मला तेव्हा फार जवळचा वाटला. सगळं देवाने छान बनवलंय म्हणणाऱ्यांपेक्षा हे लोक मला जास्त प्रामाणिक वाटले.

आता आमच्या ऑनलाइन वाचन गटात एकजण म्हणाले की नॉस्टिक म्हणजे नवप्लेटोवादाची (तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या प्लॉटिनसपासून सुरू झालेली प्लेटोची नवी परंपरा) बिघडलेली आवृत्ती, मूळ वाचायचं तर प्लॉटिनस वाचा. म्हणून त्याचा नॉस्टिकांच्या विरोधातला लेख घेतला आणि हादरलेच. एवढा शांत समजला जाणारा माणूस, आणि इथे तो अक्षरशः झापतोय. आणि तारखा पण जुळत नाहीयेत, नॉस्टिकांचा गुरू व्हॅलेंटिनस रोममध्ये शिकवत होता साधारण १४० च्या सुमारास आणि प्लॉटिनस जन्मलाच २०४-०५ ला, मग आधीचे लोक नंतरच्याची बिघडलेली आवृत्ती कशी असतील? आणि दोघंही म्हणतात सगळ्याच्या पलीकडे एक अवर्णनीय तत्त्व आहे, जीव तिथून खाली आला आणि परत जायचंय, मग भांडण नेमकं कशावरून?

आणि हे सगळं आपल्या मायावादासारखंच आहे का, तेही सांगा प्लीज.

---

जुनी_वही:

रानवाट, आधी आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. अशा रात्रींमध्ये माणूस जे वाचतो ते नुसतं वाचन राहत नाही, त्यामुळे जपून लिहितो.

तारखांचं तुमचं बरोबर आहे. लिऑनच्या इरेनिअसने नॉस्टिकांना खोडून काढणारा मोठा ग्रंथ लिहिला तो १८० च्या आसपास, प्लॉटिनसच्या जन्माआधी. त्यामुळे बिघडलेली आवृत्ती वगैरे म्हणणं टिकत नाही. दोघांचं मूळ एकच, प्लेटो, त्यातही टिमिअस हा संवाद. त्यात एक कारागीर देव जग घडवतो आणि प्लेटो स्पष्ट सांगतो की तो चांगला होता, त्याच्यात मत्सर नव्हता, सगळं शक्य तितकं आपल्यासारखं व्हावं अशी त्याची इच्छा होती. नॉस्टिकांनी हाच कारागीर उचलला आणि त्याला मत्सरी, अडाणी करून टाकलं. प्लेटोच्या माणसाला हे किती झोंबेल बघा. आणि नवप्लेटोवाद हे नाव खूप नंतरच्या युरोपियन इतिहासकारांनी दिलेलं आहे, प्लॉटिनस स्वतःला साधा प्लेटोचा विद्यार्थी समजायचा.

आता भांडण. हे दोन वेगळ्या गावांतल्या लोकांचं भांडण नव्हतं, ही एकाच वर्गातली भानगड होती, आणि मला वाटतं सगळी किल्ली इथेच आहे. प्लॉटिनस रोममध्ये जेमिना नावाच्या बाईंच्या घरी राहायचा, वर्ग सगळ्यांना खुला. त्याचा शिष्य पॉर्फिरी २६३ मध्ये तिथे आला आणि त्यानेच पुढे गुरूचं चरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो की अडेल्फिअस आणि अक्युलिनस या नॉस्टिकांच्या मंडळींकडे झोरोआस्टर (म्हणजे झरथुष्ट्र), झोस्ट्रिआनोस, निकोथिओस, अलोगेनिस, मेसोस अशा नावांची साक्षात्काराची पुस्तकं होती, आणि ते म्हणायचे की प्लेटो अंतिम सत्याच्या तळापर्यंत पोचलाच नाही. गुरू वर्गात उत्तरं द्यायचा, शेवटी एक लेख लिहिला, आणि बाकीचं काम शिष्यांना वाटून दिलं. अमेलिअसने एकट्या झोस्ट्रिआनोसच्या पुस्तकाविरुद्ध ४० भाग लिहिले! पॉर्फिरीने झोरोआस्टरच्या नावावरचं पुस्तक बनावट आणि अलीकडचं आहे हे दाखवून दिलं. कुणी परक्या पंथाच्या पुस्तकावर ४० भाग लिहीत बसत नाही हो, आपल्या शेजारच्या बाकावरचा माणूस ते वाचत असेल तरच लिहितो.

लेखात एके ठिकाणी प्लॉटिनस थांबतो आणि म्हणतो की आमचे काही मित्र आमचे मित्र होण्याआधीच या विचारात सापडले होते, आणि अजूनही त्यातच कसे काय आहेत कळत नाही, त्यांची भीड वाटते म्हणून पुढचं बोलत नाही. मग म्हणतो, मी हे त्यांच्यासाठी लिहीतच नाहीये, ते काही ऐकणार नाहीत, आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचा त्रास होऊ नये म्हणून लिहितोय. तुम्हाला जो राग दिसला ना, त्याच्या खाली हे आहे. मी हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो बराच वेळ.

आणि एक, हा लेख सुटा नाहीच. पॉर्फिरीला ५४ लेखांचे नऊ-नऊचे सहा गट करायचे होते, एनिअड म्हणजे नवक, त्यासाठी त्याने एका मोठ्या लेखाचे चार तुकडे करून वेगवेगळ्या गटांत टाकले. रिचर्ड हार्डरने १९३६ मध्ये ते परत जोडून दाखवले. सलग वाचलं तर आधी निसर्ग कसा ध्यानातून घडतो, मग वरच्या जगाचं सौंदर्य, मग बुद्धी आणि तिच्या पलीकडचं ‘एक’ हे अवर्णनीय तत्त्व, आणि शेवटी नॉस्टिकांना उत्तर. तीन भागभर तो हे जग कुठून आणि कसं येतं हेच सांगतोय, झापाझापी शेवटी येते. तुम्ही शेपूट आधी वाचलंत, त्यामुळे हादरणं साहजिक आहे.

प्लॉटिनस नॉस्टिकांना विचारतो तो मुख्य मुद्दा असा. तुम्ही म्हणता जग घडवणारी शक्ती घसरली, वरचं विसरली, आणि मग तिने जग केलं. पण विसरली असेल तर केलं कशावरून? जे वर पाहिलं त्याच्या आठवणीवरूनच घडवता येतं. आणि आठवण असेल तर ती घसरलीच नाही. दुसरं, तिला यातून काय मिळवायचं होतं, मान? हे तर इथल्या मूर्तिकारांवरून बेतलेलं बोलणं झालं. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

---

तांबडमाती:

जुनी_वहींनी छानच मांडलंय, मी फक्त पुस्तकांच्या बाजूने भर घालते कारण माझा जीव तिथे अडकलाय.

पॉर्फिरीने दिलेली ती नावं, झोस्ट्रिआनोस नि अलोगेनिस वगैरे, ही शेकडो वर्षं नुसती नावंच होती. मग डिसेंबर १९४५ मध्ये दक्षिण इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ, जबल अल-तारिफच्या कड्याखाली, शेतात टाकायला सुपीक माती खणताना शेतकऱ्यांना एक मातीचा रांजण सापडला असं सांगतात, आणि त्यात चामड्यात बांधलेली पपायरसची पुस्तकं. बारा पुस्तकं आणि तेराव्याची सुटी पानं, एकूण ५२ लेख, सगळे ग्रीकमधून कॉप्टिकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या इजिप्तच्या भाषेत केलेले. काही पानं घरच्या चुलीत गेली म्हणे, हे वाचताना अजून पोटात कालवतं. आता सगळी कैरोच्या कॉप्टिक म्युझियममध्ये आहेत.

एक गोष्ट जवळून सांगते. पुस्तकाचं चामड्याचं कव्हर ताठ राहावं म्हणून आत जुने रद्दी कागद चिकटवायचे, आपण वहीला पुठ्ठा घालतो तसं. सातव्या पुस्तकाच्या कव्हरातली ती रद्दी सोडवली तर त्यात करारपत्रं निघाली, त्यांच्यावर तारखा, सन ३४१, ३४६ आणि ३४८. म्हणजे पुस्तक त्यानंतरच बांधलेलं असणार! कुणाच्या तरी व्यवहाराच्या रद्दीने आपल्याला काळ सांगितला.

आणि या ढिगात आठव्या पुस्तकात झोस्ट्रिआनोस निघाला, अकराव्यात अलोगेनिस. पॉर्फिरीने सांगितलेली तीच नावं. झोस्ट्रिआनोसची पानं फार फाटलेली आहेत, ओळीच्या ओळी नाहीत, तरी कथा कळते. शेवटी गुप्त लिपीत एक ओळ आहे, तिच्यात झोस्ट्रिआनोसबरोबर झोरोआस्टरचंही नाव येतं.

रानवाट, ही कथा तुम्ही वाचलीच असेल, नसेल तर नक्की वाचा. हा माणूस प्रश्नांनी एवढा खचतो की रानातल्या जनावरांच्या तोंडी जीव द्यायला वाळवंटात जातो. तिथे ज्ञानाचा दूत येऊन त्याला थांबवतो आणि वर नेतो, शरीर इथेच पृथ्वीवर ठेवून. एकेका पायरीवर दीक्षा-स्नान होत होत तो वर चढतो, सगळं पाहून परत येतो आणि तीन लाकडी पाट्यांवर लिहून ठेवतो, मागून येणाऱ्यांसाठी. जग वाईट म्हणणारा माणूस परत कशाला येईल आणि पाट्या कशाला लिहील? म्हणून मला नॉस्टिक लोक जगाला नुसतं तुच्छ मानायचे हे पटत नाही.

आता कोणी कुणाचं घेतलं. पूर्वी लोक सरळ धरून चालायचे की तत्त्वज्ञानाकडून धर्माकडे, एकाच दिशेने गेलं. पण झोस्ट्रिआनोस आणि अलोगेनिसमध्ये सत्ता (म्हणजे असणं)-जीवन-बुद्धी असं त्रिकूट आहे, जे आपण नंतरच्या नवप्लेटोवाद्यांचं म्हणून ओळखतो. आणि १९९६ मध्ये मिशेल तार्दिएने दाखवलं की झोस्ट्रिआनोसमधला त्या पलीकडच्या एकाबद्दलचा मोठा भाग आणि चौथ्या शतकातल्या मारिअस व्हिक्टोरिनस या ख्रिस्ती लेखकाचा लॅटिन मजकूर इतके जुळतात की दोघांच्या मागे एकच ग्रीक लिखाण असणार. ते लिखाण प्लॉटिनसच्या आधीचं की नंतरचं यावर अभ्यासकांचं अजून वाजतंय. माझं मत विचाराल तर प्लॉटिनसच्या वर्गातून दोन्हीकडे ये-जा होती आणि ज्यांच्याशी तो भांडला त्यांच्याकडून त्याने शिकलंही.

---

उंबरठा:

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

प्लॉटिनस जगाची बाजू घेणारा आणि नॉस्टिक जगाला शिव्या देणारे, इतकं सरळ नाहीये ते. पॉर्फिरीच्या चरित्राचं पहिलंच वाक्य काय आहे? आपण शरीरात आहोत याची प्लॉटिनसला लाज वाटत असल्यासारखं दिसायचं. आईवडील, जन्मगाव यांबद्दल तो बोलायचाच नाही. अमेलिअसने चित्र काढून घ्या म्हणून गळ घातली तर म्हणाला, निसर्गाने ही जी प्रतिमा अंगावर चढवलीय ती वागवणं पुरे नाही का, आता प्रतिमेची प्रतिमा मागे ठेवायची? शेवटी अमेलिअसने कार्टेरिअस नावाच्या चित्रकाराला वर्गात आणून बसवलं, तो बघून बघून चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग घरी काढायचा, गुरूला पत्ता लागू न देता.

हा माणूस नॉस्टिकांना म्हणतो तुम्ही शरीराचा द्वेष करता! वर जडद्रव्य हेच वाईटाचं मूळ हेही त्यानेच एका लेखात लिहिलंय. मग सांगा, फरक किती उरला? मला तर असं वाटतं की नॉस्टिक जे उघड बोलत होते ते त्याच्याही मनात कुठेतरी होतं आणि म्हणूनच एवढं लागलं. आणि हे लोक सद्गुणांवर काहीच बोलत नाहीत हा त्याचा आरोप तर मला एकतर्फीच वाटतो, नाग हम्मादीच्या त्याच ढिगात संयमावर, साधं राहण्यावर भरपूर लिहिलेलं आहे.

रानवाट, तुम्हाला जे त्या रात्रींमध्ये प्रामाणिक वाटलं ते प्रामाणिकच होतं. एका चिडक्या लेखामुळे ते सोडू नका एवढंच म्हणतो.

---

जुनी_वही:

उंबरठा, चित्राचा मुद्दा रास्त आहे आणि जडद्रव्याचाही, ते मी टाळायला नको होतं. पण त्याच चरित्रात पुढे काय आहे तेही बघा ना. रोममधले मोठमोठे लोक मरायला टेकले की आपली मुलं-मुली, मालमत्तेसकट, प्लॉटिनसच्या हवाली करायचे, त्यामुळे त्याचं घर पोरांनी भरलेलं असायचं. आणि हा माणूस, ज्याला शरीराची लाज वाटते, तो त्या पोरांच्या मालमत्तेचे हिशेब बसून तपासायचा, म्हणायचा की ही मुलं जोवर तत्त्वज्ञ होत नाहीत तोवर त्यांचं उत्पन्न शाबूत राहिलं पाहिजे. पोटॅमॉन नावाच्या एका मुलाचा धडा पुनःपुन्हा ऐकून घ्यायचा. २६ वर्षं रोममध्ये राहिला, कित्येकांचे तंटे सोडवले आणि कुणाशी वैर आलं नाही.

माझ्या मते फरक इथे आहे, विचारापेक्षा वागण्यात जास्त दिसतो. दोघांनाही इथून जायचंच आहे. लेखाच्या शेवटी त्यानेच घराचं उदाहरण दिलंय, माझ्या शब्दांत सांगतो. दोघंजण एकाच सुंदर घरात राहतात. एकजण घराला आणि बांधणाऱ्याला नावं ठेवतो आणि तरी राहतो तिथेच. दुसरा नावं ठेवत नाही, म्हणतो बांधणाऱ्याने कसबाने बांधलंय, आणि घराची गरज उरणार नाही त्या दिवसाची वाट बघतो. पहिल्याला वाटतं आपण जास्त शहाणे, कारण भिंती निर्जीव दगड-लाकडाच्या आहेत हे आपण बोलून दाखवतो.

तसंच आजाराचं. नॉस्टिकांपैकी काही म्हणायचे की रोग म्हणजे भुतं आणि ती मंत्राने हाकलता येतात. प्लॉटिनस म्हणतो अतिश्रम, अति खाणं, उपासमार, शरीरात काही कुजणं ही कारणं आहेत, आणि औषधाने, रेच दिल्याने, रक्त काढल्याने बरं वाटतं त्यावरून ते कळतं. पुन्हा भुताला भूक लागली आणि औषधाने ते झिजलं का, असं विचारतो. रानवाट, आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला हे जास्त कळेल.

मायावादाबद्दल थोडक्यात, नाही, तसंच नाहीये. आपल्याकडे अज्ञान बघणाऱ्याच्या बाजूला असतं, जग चुकून घडवणारा वेगळा मत्सरी देव त्यात नसतो. प्लॉटिनसचं जग तर भ्रमही नाही, ते वरच्याचं सतत पडत राहणारं प्रतिबिंब आहे. एक धागा मात्र खरा, नोसिस आणि ज्ञान हे शब्द एकाच मूळ धातूपासून आलेत, आपलं जाणणे पण त्यातलंच. आणि प्लॉटिनसला इराणी आणि भारतीय लोकांचं तत्त्वज्ञान समजून घ्यायचं होतं, म्हणून २४३ मध्ये तो रोमन सम्राट गॉर्डियनच्या इराणवरच्या मोहिमेबरोबर निघाला. गॉर्डियन मेसोपोटेमियातच मारला गेला, हा कसाबसा जीव वाचवून अँटिओकला पोचला आणि तिथून रोमला. इकडे आलाच नाही, त्यामुळे त्याने वेदान्त वाचला होता वगैरे फॉरवर्ड्स येतात त्यांवर विश्वास ठेवू नका.

---

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घराचं उदाहरण मी वाचलं होतं पण रागाच्या भरात वाचल्यामुळे पुढे गेले होते. आज परत वाचलं. आईची खोली अजून तशीच आहे, शेवटचे काही महिने ती म्हणायची आता हे घर पुरे झालं, घर म्हणजे शरीर म्हणायचं असायचं तिला, पण त्याच दिवशी खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलंस का हेही विचारायची. मी तेव्हा चिडायचे, की एवढं दुखतंय आणि तुळस कसली. आता ते डोक्यातून जात नाहीये.

पण उंबरठा म्हणतात तेही पटतंय, झोस्ट्रिआनोसच्या वाळवंटात मी पण होते आणि त्या पाट्या कुणीतरी लिहून ठेवल्या होत्या म्हणून मला सापडल्या. त्यामुळे मी अजून तरी कुणाच्याच बाजूने नाहीये.

जुनी_वही, ते चार तुकडे कुठल्या क्रमाने वाचायचे तेवढं सांगाल का? शेपटाकडून नको आता.

---

जुनी_वही:

तिसऱ्या नवकातला आठवा, मग पाचव्यातला आठवा, मग पाचव्यातलाच पाचवा, आणि शेवटी दुसऱ्यातला नववा. पहिला सुरू होतो तेव्हा तो म्हणतो की आधी जरा खेळूया, मग गंभीर होऊ, आणि मग म्हणतो की सगळंच, झाडंझुडपं आणि त्यांना वाढवणारी जमीनसुद्धा, ध्यान करतंय. तुळशीपासून सुरुवात करा.